सहा माणसं, दहा बंक

इथल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे लेख मागितला तो 'नवशिक्यांसाठी हट-टू-हट स्की टूरचं नियोजन' या विषयावर. त्यांचा काही दोष नाही. जूनमध्ये एका वाढदिवसाच्या जेवणात, हातात बासुंदीची वाटी घेऊन, मीच चारचौघांना सांगत होतो की बर्फात जायचं तर नीट प्लॅन करून जायचं, आणि प्लॅन कसा करायचा ते मला विचारा. बाईंनी ते लक्षात ठेवलं. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही जाऊन आलो. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "काय अभय, कशी झाली ट्रिप?" मी म्हणतो, "मस्त!" मेधा शेजारी उभी असते. आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. नियोजन कसं करावं हे यातून कळेलच, फक्त बरंचसं उलट बाजूने.

टाकानिनी, आमचं जेवणाचं टेबल

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. या देशात डोंगरांत जागोजागी साध्या हट बांधलेल्या आहेत. चार भिंती, एक लोखंडी चूल, पाण्याची टाकी आणि झोपायला लाकडी बंक. खानसामा नाही, चौकीदार नाही. आपलं आपण जायचं, आपलं आपण करून खायचं आणि निघताना झाडून यायचं. उन्हाळ्यात लोक चालत जातात, हिवाळ्यात काही ठिकाणी स्कीवर. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. ती पुढे सरकते आणि मागे अडते, त्यामुळे चढावरही पाय घसरत नाही. टाच मोकळी असते. थोडक्यात, सपाटीवर गेलात तर हे स्कीइंग कमी आणि चालणंच जास्त.

हे सगळं मला ग्रॅहमने शिकवलं. ग्रॅहम माझ्याच ऑफिसात आहे. आम्ही दोघं पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करतो. तो साठीचा आहे आणि स्कीवर उभा राहायला लागला तो शाळेत जायच्या आधी. मी त्याला विचारलं, "माझी बायको आयुष्यात कधी स्कीवर उभी राहिलेली नाही. तिला झेपेल असं काही आहे?" तो म्हणाला, "आहे की. पठार निवड. दिवसाला चार तासांच्या वर चाल नको. आणि सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे, बाकीचे त्याच्या मागे." हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. मी ते एक्सेलमध्ये घातलं आणि ती ओळ पिवळी रंगवली.

मेधाला मुळात यायचंच नव्हतं. "अरे, मला मॉलमधल्या सरकत्या जिन्याची भीती वाटते," ती म्हणाली. ती तयार झाली ती रेवासाठी. रेवा आमची मुलगी, सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीसाठी घर सोडणार. एकदा तिघांनी मिळून काहीतरी करावं, असं मेधाच्या मनात होतं.

मेधा शेजारच्या पापाकुऱ्यात रक्त तपासणीच्या खोलीत काम करते. रक्त काढते. हे काम सोपं वाटतं, पण ज्यांच्या शिरा आत दडून बसल्यात अशी म्हातारी माणसं, गुबगुबीत दंडांची बाळं, औषधांनी शिरा जळलेले पेशंट, असे सगळे शेवटी तिच्याच खुर्चीसमोर येतात. "मेधाकडे पाठवा," असं तिथे म्हणतात. ती म्हणते, शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. उजव्या हाताची पहिली दोन बोटं हलकेच कोपराच्या खळगीत फिरवते आणि थांबते. तिथे शीर असते.

तर, नियोजन. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू मोजली. भाजलेलं बेसन, मेतकूट, गूळ-दाण्याचे लाडू, सगळं पुड्या बांधून. मेधाच्या पाठीवर ओझं नको म्हणून तिचे कोरडे मोजे, जाड जॅकेट, लोकरीचे जाडजूड मिटन, सगळं मी माझ्या बॅगेत भरलं. मेधा बघत होती.

"अरे, हातमोजे तरी माझ्याकडे राहू देत."

"पातळ जोडी आहे ना हातात. आणि मी तुझ्याबरोबरच असणार आहे की!"

हे वाक्य मी बोललो. एक्सेलमध्ये ते नाही, पण रेवाने ऐकलंय.

पठारावर, पहिला दिवस

विमान, भाड्याची गाडी, भाड्याचे बूट, हे सगळं सोडून देतो. आम्ही तिघं आणि सोबतीला आलेला ग्रॅहम, असे वानाका गावाच्या बाजूने पिसा रांगेच्या पठारावर चढलो. पठार म्हणजे कास वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. इथे एकही झाड नाही. बर्फातून सुक्या गवताचे पिवळे शेंडे वर आलेले, मधूनच काळे उभे खडक आणि वर इतकं निळं आभाळ की चष्मा काढला तर डोळ्यांतून पाणी येतं.

मेधा पहिल्या तासात नऊ वेळा पडली. मोजत रेवा होती. पण दरवेळी हसत उठली. ग्रॅहमने तिला सगळ्यात पुढे घातलं आणि तो मागून नुसता, "लव्हली, मेधा, स्वीट अ‍ॅज," म्हणत राहिला (इथे झकासला असंच म्हणतात). दुपारपर्यंत तिला लय सापडली. "अभय, बघ, सरकतेय मी!" ती ओरडली आणि दहावी वेळ पडली.

पहिली हट आधी बुक केलेली होती. पोचल्यावर मी टेकणार, तेवढ्यात ग्रॅहम बाहेरच्या मोळीतून लाकडं फोडायला लागला. चूल तर पेटली होती! विचारलं तर म्हणाला, उद्या जे येतील त्यांच्यासाठी. आपण आलो तेव्हा लाकडांची पेटी भरलेली होती, म्हणून जाताना भरून ठेवायची. मला हे फार आवडलं. आपल्याकडे असं का नाही, यावर मी अर्धा तास बोललो. पिठलं ढवळत बोललो. मेधाने हटच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं आणि पुढे 'टाकानिनी, बिगिनर' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तिला इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

दुसरा दिवस, ओढा

सकाळी चहाच्या वेळी ग्रॅहम म्हणाला, "पुढची हट बुक होत नाही. जो येईल त्याची. दहा बंक आहेत आणि शाळेची सुट्टी चालू आहे. पण काळजी नको, जागा नेहमीच होते. गादी खाली टाकायची."

शेवटची दोन वाक्यं मी ऐकलीच नाहीत. माझ्या डोक्यात फक्त 'दहा' शिरलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या घराण्यात जागा धरणारा म्हणून मी प्रसिद्ध. स्वारगेटच्या स्टँडवर एसटी लागायच्या आत ती वळतानाच वडील मला कमरेला धरून खिडकीतून आत ढकलायचे. "अभ्या, रुमाल टाक!" मी एका सीटवर रुमाल, एकीवर टोपी, एकीवर पाण्याची बाटली टाकायचो आणि चौथीवर स्वतः आडवा व्हायचो. आई मागून निवांत यायची. लग्नाच्या पंगतीत पहिल्या फेरीला सगळ्या आत्यांच्या खुर्च्या मीच धरायचो. त्यासाठी मला शाबासकी मिळाली आहे, जास्तीची जिलबीही मिळाली आहे. त्यामुळे जागा धरणं म्हणजे प्रेम करणं, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला रेवाच्या एका स्कीची स्किन सुटली. चिकटपणा गेला होता. ग्रॅहम खाली बसून टेप गुंडाळायला लागला. मी म्हटलं, "मी मेधाला घेऊन हळूहळू पुढे होतो." त्याने मान वर केली, "दोघं एकत्र ना?" मी म्हणालो, "अर्थात."

पंधरा मिनिटांनी एक उंचवटा पार केला आणि समोर हट दिसली. लांब सपाटीच्या टोकाला छोटीशी लाल. आणि तिच्या पलीकडच्या उतारावरून दोन ठिपके तिच्याकडे येत होते.

झालं! पंचेचाळीस वर्षांचा इंजिनीअर गेला आणि स्वारगेटचा अभ्या उरला. मी मेधाला म्हणालो, "ती बघ हट. सरळ वाट आहे, चुकायचा प्रश्नच नाही. तू ये सावकाश. मी पुढे जाऊन जागा धरतो."

"ग्रॅहमसाठी थांबायचं का?"

"ते येतायत मागून. ये गं तू."

मी निघालो. मागे वळून एकदा पाहिलं, ती हात करत होती. म्हणजे मला तसं वाटलं. ती तोल सावरत होती, हे नंतर कळलं.

हट

त्या दोन ठिपक्यांना मी पन्नास पावलांनी हरवलं. स्की बर्फात खुपसले आणि बुटांसकट आत घुसलो. हटमध्ये बूट बाहेर काढायचे असतात, हे मला माहीत होतं, आदल्या रात्री मीच रेवाला दटावलं होतं. चुलीजवळचे चार खालचे बंक बघून ठेवले. एकावर माझी टोपी. एकावर नकाशा. एकावर रेवाची बाटली. आणि खिडकीजवळच्या सगळ्यात चांगल्या बंकवर, बॅगेतून काढून, मेधाचे लोकरीचे मिटन. नीट जोडी करून ठेवले. मग वही उघडून लिहिलं, 'चार जण, पोचलो,' आणि वेळ घातली.

ते दोघं आत आले, मोजे घालून, बूट बाहेर काढून. नवरा-बायको, दोघंही सत्तरीचे. तिचं नाव मार्गारेट, साउथलंडकडच्या मेंढपाळ घरातली. नवरा बाहेर लाकडं आणायला गेला. तिने आधी फरशीवरच्या माझ्या ओल्या ठशांकडे पाहिलं, मग चार बंकांकडे. तिने स्टोव्ह पेटवला आणि मला न विचारता चहाचा कप दिला, वर फ्रूटकेकचा तुकडा. मी बसलो. बाहेर ढग खाली उतरला होता, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी तिला आमच्या प्लॅनबद्दल सांगत होतो. खोटं का बोलू, चांगला रंगात आलो होतो.

"बाकीची मंडळी?" तिने विचारलं.

"येतायत. बायको नवशिकी आहे ना, सावकाश येतेय."

"ते मिटन कुणाचे?"

"तिचेच."

मार्गारेटने कप खाली ठेवला. "मग तिच्या हातांत काय आहे?"

पातळ हातमोजे, असं उत्तर होतं. माझ्या आधी ती बाई उठली. माझ्या आधी तिने बूट चढवले. मी मिटन उचलून बाहेर पळालो तेव्हा ती नवऱ्याला हाक मारत माझ्या पुढे होती.

फार जावं लागलं नाही. ढगातून ते तिघं आले. मेधा सगळ्यात पुढे, तिच्या मागे ग्रॅहम, शेवटी रेवा. बरोबर त्याच क्रमाने. मेधाच्या हातांत ग्रॅहमचे भले मोठे मिटन होते आणि ग्रॅहमने स्वतःच्या हातांत मोजे घातले होते, पायातले. मी मिटन पुढे केले. मेधाने माझ्याकडे पाहिलं आणि न थांबता तशीच पुढे गेली.

झालं होतं ते असं. वाटेत एक ओढा बर्फाखाली झाकलेला होता. मी वेगात होतो, मला तो लागलाही नाही. मेधा त्यात आडवी झाली, दोन्ही हात पाण्यात गेले. स्की अडकला. ओल्या हातमोज्यांनी बूट सोडवायचा खटका उघडेना म्हणून तिने उजवा हातमोजा काढला आणि उघड्या हाताने बर्फातलं ते लोखंड ओढत राहिली. ढग आला. मागचे तिच्यापर्यंत पोचायला अर्ध्या तासाच्या वर लागला.

आत आल्यावर मी तिचा हात धरून चुलीकडे नेला, चोळायला लागलो. आपल्याकडे तेच करतात. "चोळू नकोस," मेधा म्हणाली, "आणि विस्तवाजवळही नको." उजव्या हाताची पहिली दोन बोटं टोकांशी मेणासारखी पांढरी पडली होती. मार्गारेटने तिला शेजारी बसवलं, स्वतःची जर्सी वर केली आणि मेधाचे दोन्ही हात आपल्या पोटावर घेऊन वरून झाकले. "बर्फ आहे हे!" ती ओरडली आणि हसली. मेधाही हसली आणि मग रडायला लागली. बोटांत जीव यायला लागला की फार दुखतं. माझ्या बायकोचे हात एक परकी बाई स्वतःच्या पोटाशी धरून बसली होती आणि मी धावताना सांडलेले तिच्या केकचे तुकडे फरशीवरून वेचत होतो.

रेवाने बंकांकडे पाहिलं. टोपी, नकाशा, बाटली. ती मराठी सगळं समजते, बोलते इंग्रजीच. "यू लेफ्ट मम," ती म्हणाली. "फॉर बेड्स?"

त्यानंतर त्या हटमध्ये कुणीही आलं नाही. आम्ही चौघं आणि ते दोघं. सहा माणसं, दहा बंक. माझी टोपी होती त्याच्यासकट चार बंक रिकामे राहिले. मार्गारेटने पिठलं क्रॅकरवर घेऊन खाल्लं, चांगलं आहे म्हणाली. आणि मग अगदी सहज, मला उद्देशून नाही, मेधाला सांगितलं, "एकदा याच हटमध्ये आम्ही सतरा जण झोपलोय. इथे कुणाला परत पाठवत नाहीत, डिअर."

ग्रॅहमने वही उघडली. बराच वेळ एकाच ओळीकडे बघत होता. "तू चौघं पोचलो असं लिहिलंस." मी हो म्हणालो. "आम्ही आलोच नसतो आणि कुणी शोधायला आलं असतं, तर त्यांनी हे वाचलं असतं आणि परत गेले असते." एवढंच बोलला. आवाजही चढवला नाही. त्याने ती ओळ खोडली आणि खाली खरी वेळ लिहिली. ग्रॅहम चिडला असता तर बरं झालं असतं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

भांडी धुताना मी मेधाला म्हटलं, "चुकलो गं. फार मोठी चूक झाली." ती म्हणाली, "सगळ्यात वाईट काय माहितीये? तू दिसत होतास. पडले तेव्हा लांबवर पाठ दिसत होती तुझी. मी हाक नाही मारली."

"का?"

"वाटलं, जागा गेली तर तू चिडशील."

बावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. एवढी धावपळ करून जागा धरतो तो हिच्यासाठी, असं मी समजत होतो. आणि ती ओढ्यात पडलेली असताना माझा खोळंबा नको म्हणून घाई करत होती, त्या घाईत हातमोजा काढला. भांडं माझ्या हातात तसंच राहिलं.

परत

तिसरी हट आम्ही सोडली. ग्रॅहमने हवा बघितली आणि दुसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत निघालो. मेधा पुढे, मी सगळ्यात मागे. ओढ्यापाशी ती थांबली, काठीने चाचपून पाहिलं आणि आडवी पावलं टाकत तो ओलांडला. एकदाही पडली नाही. निघायच्या आधी लाकडांची पेटी मी भरली होती, इतकी की झाकण लागेना. रेवा म्हणाली, "इनफ, बाबा." आदल्या संध्याकाळनंतर ती माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

वानाकाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, थोडक्यात निभावलं. बोटं जाणार नाहीत, पण टोकांची जाणीव यायला काही आठवडे लागतील, कदाचित जास्त. मेधाने विचारलं, "पूर्ण येईल?" त्या म्हणाल्या, "बहुतेक." मेधा असल्या 'बहुतेक'चा अर्थ माझ्यापेक्षा चांगला ओळखते.

सध्या ती कामावर पुढच्या काउंटरला बसते, फॉर्म घेते. "मेधाकडे पाठवा" म्हणणाऱ्यांना आता ती म्हणते, दुसऱ्या कुणाकडे जा.

तर मंडळी, नियोजन. पठार निवडा. चार तासांच्या वर चालू नका. ज्याचे हातमोजे त्याच्याच बॅगेत राहू द्या. आणि ती पिवळी ओळ रंगवू नका, पाळा.

रोज संध्याकाळी जेवणाआधी मी बाही वर करून टेबलाशी बसतो, त्याच टेबलाशी जिथे वजनं केली होती. मेधा डोळे मिटते आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या कोपराच्या खळगीत फिरवते. डाव्या हाताला शीर लगेच सापडते. उजव्याला नाही. माझी शीर चांगली जाड आहे, शिकाऊ पोरालाही मिळेल अशी. मला ती दिसते, तिची बोटं शेजारून जातात तेही दिसतं.

परवा तिची बोटं थांबली. डोळे मिटलेलेच.

"इथे?"

तिथे नव्हती. बोटभर अंतर होतं. हो म्हणावं असं फार वाटलं, तिचा चेहरा बघून.

"नाही," मी म्हणालो. "शोध तू सावकाश. मी इथेच आहे."

"मग हलू नकोस," मेधा म्हणाली.

मी हललो नाही.